वाचन, पारायण आणि अध्ययन : ख्रिस्ती जीवनातील शास्त्राभ्यासाविषयी

धर्मग्रंथाशी माणसाचा जो संबंध येतो, त्याला मराठीत एकच शब्द पुरत नाही. आपण पोथी वाचतो, पुराण ऐकतो, ग्रंथाचे पारायण करतो, स्तोत्र पाठ करतो, अभंगाचे मनन करतो आणि शास्त्राचे अध्ययन करतो. या क्रिया एकमेकींच्या शेजारी राहत असल्या तरी त्या एक नाहीत. पारायणात ग्रंथ ठरल्या दिवसांत संपणे महत्त्वाचे असते. अध्ययनात एखाद्या ओवीपाशी चार दिवस अडून राहण्याची मुभा असते, किंबहुना तशी अपेक्षाच असते. आपल्याकडील ख्रिस्ती समाजात मात्र 'बायबल वाचणे' या एका शब्दप्रयोगात या साऱ्या क्रिया एकवटल्या आहेत. परिणामी अध्ययन ही त्यांतील स्वतंत्र आणि कष्टसाध्य क्रिया आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, धर्मशास्त्राचे नव्हे. तरीही या विषयावर आम्हांला काही म्हणायचे आहे, याचे कारण असे की एखादा मजकूर कसा वाचावा हा आमच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. आमचे मत थोडक्यात असे : ख्रिस्ती जीवनात शास्त्राचे अध्ययन ही पंडितांची हौस नाही आणि धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरती मर्यादित बाबही नाही. सामान्य श्रद्धावंताचा विवेक त्यावर पोसला जातो. ते थांबले की श्रद्धा टिकते, पण ती दुसऱ्याच्या ताब्यात जाते.

१

मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभच ग्रंथाच्या मागणीपासून होतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापून निघाले. या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक ब्राह्मण तेथे येतो आणि पाद्रींपुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचण्यासाठी दुसरे पुराण का करून देत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

या गाऱ्हाण्यामागे गोव्यातील धर्मांतराचा जो इतिहास आहे, तो सुखद नाही आणि तो झाकण्याचे कारणही नाही. पण मागणी कशाची आहे तेही पाहावे. प्रार्थना शिकवली जात होती, उपासना होत होती, धर्माची प्रश्नोत्तरे मुलांकडून पाठ करून घेतली जात होती. एवढ्याने या माणसाचे समाधान झालेले नाही. घरी बसून वाचता येईल, चौघांत बसून ज्याचा अर्थ लावता येईल असा ग्रंथ त्याला हवा आहे. श्रवण-मननाची सवय असलेल्या समाजाचा हा स्वाभाविक हट्ट होता. स्टीफन्सने तो ओळखला, ओवी स्वीकारली आणि जुन्या व नव्या करारांतील कथा 'पहिले पुराण' आणि 'दुसरे पुराण' अशा दोन भागांत सांगितली.

आमचे विद्यार्थी 'क्रिस्तपुराणा'तील मराठी भाषेच्या स्तुतीवर चांगली टिपणे लिहितात. परंतु ज्या बायबलाची ही पुनर्कथा आहे, त्यातील एखादे संपूर्ण पुस्तक वाचलेला विद्यार्थी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, क्वचित भेटतो. रामायण न वाचता 'भावार्थ रामायणा'वर प्रश्नोत्तरे लिहिण्यासारखेच हे आहे.

२

शास्त्राचे अध्ययन करावे असा उपदेश बाहेरून आणण्याची गरज नाही. खुद्द बायबलातच त्याचे नमुने आहेत. नहेम्याच्या पुस्तकात एज्रा हा शास्त्री लोकसमुदायापुढे नियमशास्त्र वाचून दाखवतो. ऐकणाऱ्यांत पुरुष आहेत, स्त्रिया आहेत आणि समजण्याजोगे सर्व आहेत. केवळ वाचून तो थांबत नाही. लेवी लोक अर्थ उलगडून सांगतात, जेणेकरून वाचलेले समजावे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत असतो. फिलिप्प त्याला विचारतो तो प्रश्न श्रद्धेचा नाही, आकलनाचा आहे. त्याच पुस्तकात बिरुया गावच्या लोकांची प्रशंसा आली आहे. पौल त्यांना उपदेश करतो आणि ते दररोज शास्त्र उघडून तो सांगतो तसेच तेथे आहे काय, हे पडताळून पाहतात. पौलासारख्या प्रेषिताचे म्हणणेही पडताळून पाहणे हा येथे अविश्वास ठरत नाही, थोरपणा ठरतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अधिक बोलके आहे. येशूची अरण्यात परीक्षा होते, त्या प्रसंगी सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगताना स्तोत्रसंहितेतील वचन म्हणून दाखवतो. वचन खरे आहे आणि ते अचूक पाठ आहे. येशूचे उत्तरही शास्त्रातूनच येते, पण ते दुसऱ्या ठिकाणचे वचन आहे आणि त्याच्या प्रकाशात पहिल्याचा अर्थ बदलतो. शास्त्र तोंडपाठ असणे आणि शास्त्र जाणणे यांतील अंतर दाखवण्यासाठी सुवार्तेच्या लेखकांनी यापेक्षा तीव्र प्रसंग निवडला नसता. एका वचनाला दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून दोन्हींचा अर्थ लावणे, यालाच आम्ही अध्ययन म्हणतो.

३

या अध्ययनाचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी बोलताना आपण बहुधा शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि धर्मांतरावरून उठलेले वादळ यांपाशी थांबतो. त्यांच्या आयुष्यभराच्या वाचनाकडे पाहणारे थोडे.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, त्यापायी लोकांचा रोष पत्करला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली भावासह कलकत्त्यास पोचल्यावर तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. म्हणजे पारायणाची परंपरा त्यांनी पूर्णत्वाने भोगली होती. पुढे स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्राचे ग्रंथ त्यांनी वाचायला घेतले, तेव्हा या ग्रंथांत परस्परांत कितीही मतभेद असले तरी स्त्रिया आणि खालच्या मानलेल्या जाती यांच्याविषयी ते एकमत आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी स्वतःच हे नंतर लिहून ठेवले आहे. मुखोद्गत असलेल्या परंपरेकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिल्यावर आलेला हा अनुभव आहे.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे कथा संपते असे समजणाऱ्यांनी त्यांचा इंग्लंडमधील धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचावा. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या शंका काढतात, अथनासियसच्या विश्वासांगीकाराविषयी आक्षेप घेतात, चर्च सांगते म्हणून नव्हे तर शास्त्रात सापडते म्हणून मी स्वीकारीन अशी भूमिका घेतात. क्रुसावर कोरायचे शब्द लॅटिनऐवजी संस्कृतात असावेत, असाही त्यांचा आग्रह होता. त्यांना हट्टी आणि गर्विष्ठ ठरवण्यात आले. आम्हांला या हट्टात एक अखंड सूत्र दिसते. ज्या बाईने एका धर्मातील शास्त्रींचा शब्द अंतिम मानला नाही, तिने दुसऱ्या धर्मातील शास्त्रींचा शब्दही अंतिम मानला नाही. दोन्ही ठिकाणी तिने मूळ ग्रंथ उघडला.

मूळ ग्रंथ उघडण्याची ही वृत्ती शेवटी कोठे पोचली? आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावी अनाथ आणि परित्यक्त स्त्रियांचा प्रचंड संसार सांभाळत असताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल त्यांनी मराठीत आणले. छपाई मुक्ती मिशनच्याच छापखान्यात झाली. तेथे स्त्रिया आणि मुलीच काम करीत. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये निवर्तल्या आणि १९२४ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. रूढ भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर असून कमी शिकलेल्या स्त्रियांना ती परकी वाटते, शिवाय तिच्यातील कित्येक शब्द जुन्या धर्मकल्पना सोबत घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. ज्या विदुषीला संस्कृत मातृभाषेसारखे होते, तिनेच संस्कृत शब्द बाजूला सारावेत, यामागे केवढा विचार असेल!

हे भाषांतर वाङ्मयीन दृष्ट्या सर्वत्र यशस्वी आहे असे म्हणता येणार नाही. शब्दनिष्ठेपायी वाक्ये अवघडतात, आणि मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. परंतु एका स्त्रीने एकहाती, मूळ भाषांवरून, आपल्यासारख्याच स्त्रियांसाठी केलेले हे काम आहे. अध्ययन म्हणजे काय याचे याहून मूर्त उत्तर आम्हांला ठाऊक नाही.

४

रमाबाईंचा शब्दांविषयीचा हट्ट निष्कारण होता काय? तीन शब्द पाहावेत.

पहिला शब्द 'शास्त्री'. मराठी सुवार्तांत येशूशी वाद घालणारे लोक 'शास्त्री व परुशी' आहेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लेखनिक, नियमशास्त्राचा जाणकार असा आहे. त्यासाठी 'शास्त्री' हा शब्द योजल्याने मराठी वाचकाला प्रसंगाचा सामाजिक ताण तत्काळ कळतो, पण त्याचबरोबर एका परदेशी, प्राचीन वादावर आपल्या गावच्या वादाची छाया पडते. शास्त्री म्हणजे ढोंगी, असे समीकरण बालवयातच मनात बसते. एज्राही शास्त्रीच होता आणि अनंत डोंगरेही शास्त्रीच होते, याचे मग विस्मरण होते.

दुसरा शब्द 'पश्चात्ताप'. ग्रीक 'मेतानोइया' म्हणजे मनाचे परिवर्तन, विचारांची दिशा बदलणे. 'पश्चात्तापा'त 'पश्चात्' आहे आणि 'ताप' आहे : झाल्या गोष्टीबद्दल मागाहून होणारी होरपळ. मूळ शब्द पुढे पाहणारा आहे आणि भाषांतरित शब्द मागे. याच शब्दाच्या लॅटिन भाषांतरावरून युरोपात काय घडले, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला. लॅटिन बायबलातील 'प्रायश्चित्त करा' अशा अर्थाच्या शब्दांनी मूळ अर्थ कसा आक्रसतो, हे त्याने दाखवले. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या पंचाण्णव सिद्धान्तांतील पहिलाच सिद्धान्त पश्चात्तापाविषयी आहे : तो एखादा विधी नसून श्रद्धावंताचे अवघे जीवन व्यापणारी गोष्ट आहे, असा त्याचा आशय. एका शब्दाच्या अभ्यासाचे पडसाद किती दूर जाऊ शकतात, याचे हे उदाहरण.

तिसरा शब्द 'करार'. हा अरबी शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि दप्तरात, कचेरीत, व्यवहारात मुरला. हिब्रू 'बेरीथ' या शब्दात शपथ, वचन आणि नाते यांचा संगम आहे. ग्रीक 'दियाथेके'त करार आणि मृत्युपत्र हे दोन्ही अर्थ आहेत. 'इब्री लोकांस पत्र' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील युक्तिवाद या दुहेरी अर्थावरच उभा आहे. मराठीत दोन्ही अर्थ पेलणारा एक शब्द नसल्याने तेथे वाचक गोंधळतो, आणि बहुधा आपलीच बुद्धी कमी आहे असे समजून पुढे जातो. त्याला कोणी एवढेच सांगितले असते की येथे भाषांतरकाराची अडचण झाली आहे, तर तो अध्याय त्याच्यासाठी उजळला असता.

५

येथे तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप भक्तीच्या बाजूने येतो. श्रद्धेला एवढी चिकित्सा कशाला? साध्याभोळ्या माणसाला देव भेटत नाही काय? भेटतो, याबद्दल आम्हांला शंका नाही. परंतु अध्ययन म्हणजे पदव्या नव्हेत. लक्ष्मीबाई टिळकांचे शालेय शिक्षण नाममात्र होते. रेवरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी लागलीच घेतला नाही. पाच वर्षे त्या दुरावा, दुःख आणि विचार यांतून गेल्या आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने त्या धर्मात आल्या. पुढे टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे याच बाईंनी नेटाने पुढे नेले. येशूची कथा पद्यात सांगायची तर ती प्रसंगाप्रसंगाने स्वतःशी उलगडावी लागते. भक्ती आणि अभ्यास यांची फारकत येथे कोठे दिसते?

दुसरा आक्षेप अधिकाराच्या बाजूने येतो. प्रत्येकाने आपापला अर्थ लावायचा तर मंडळी एकत्र राहील कशी? हा आक्षेप गंभीर आहे. प्रॉटेस्टंट पंथांच्या फुटींचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. पण उपाय म्हणून ग्रंथच दूर ठेवणे, हे कॅथलिक चर्चलाही शेवटी मान्य झाले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६५ मध्ये 'देई व्हेर्बुम' हा दस्तऐवज मंजूर केला आणि सर्व श्रद्धावंतांना शास्त्र सुलभपणे उपलब्ध असावे, असे आग्रहाने सांगितले. त्यानंतर रविवारच्या वाचनांची तीन वर्षांची आवर्तने आली, मूळ भाषांवरून देशी भाषांत भाषांतरे होऊ लागली. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' याच वातावरणातले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे आणि २०२४ साली आपल्यातून गेलेले दिब्रिटो लेखक म्हणून जेवढे वाचले जातात, तेवढे भाषांतरकार म्हणून अभ्यासले जात नाहीत. एकत्र राहण्याचा मार्ग एकत्र अभ्यासण्यातून जातो. एकट्याने केलेला अर्थ दुसऱ्यासमोर ठेवावा लागला की त्यातील लहर गळून पडते.

तिसरा आक्षेप आजच्या शिकलेल्या माणसाचा. बायबलाचा ऐतिहासिक अभ्यास केला तर चार सुवार्तांतील तफावती दिसतात, पुस्तकांचे काळ निरनिराळे निघतात. मग श्रद्धा उरते काय? आमचे उत्तर असे की, चार सुवार्ता शेजारी शेजारी ठेवल्या त्या दुसऱ्या शतकातील मंडळीने. एकसंध जीवनचरित्र करून बाकीच्या तीन टाकून देण्याचा मोह तेव्हाही होता. टेशियन नावाच्या लेखकाने चारही सुवार्ता गुंफून एक ग्रंथ केला आणि तो सिरियात दीर्घकाळ वापरात होता. तरीही मंडळीने चार वेगळे आवाजच जपले. ज्या परंपरेने भेद जपले, तिच्या वारसांनी भेदांना भ्यावे हे विचित्र आहे.

६

अध्ययन सुटले तर काय होते, याचे एक उदाहरण देऊन आवरते घेतो. १८०७ साली, म्हणजे ज्या वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली त्याच वर्षी, लंडनमध्ये एक बायबल छापण्यात आले. वेस्ट इंडीजमधील मळ्यांवरच्या गुलामांसाठी ते होते. ते संपूर्ण बायबल नव्हते, 'निवडक भाग' होते. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला ती कथा त्यात होती. इस्राएली लोक मिसरच्या दास्यातून सुटले ती कथा वगळली होती. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हे पौलाच्या नावावरचे वचन होते. ख्रिस्ताठायी दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन नव्हते.

हे वाचून आपण संतापतो, ते योग्यच आहे. पण कात्री केवळ छापखान्यातच चालते असे नाही. कॅलेंडरच्या पानावर एक वचन, भिंतीवरच्या तसबिरीत एक वचन, भ्रमणध्वनीवर सकाळी येणारे एक वचन : आशीर्वादाची वचने सर्वत्र आहेत आणि आमोस संदेष्ट्याने गरिबांना तुडवणाऱ्यांवर काढलेले आसूड कोठेच नाहीत. आपापल्या सोयीचे निवडक बायबल प्रत्येकाच्या मनात तयार होत असते. ते कोणी छापून दिलेले नसते, एवढाच फरक. संपूर्ण ग्रंथ क्रमाने आणि विचारपूर्वक वाचणे हाच त्यावरचा उपाय आहे. न आवडणारे पानही त्यात उलटावे लागते.

मराठीच्या वर्गात यासाठी काही करता येईल काय? धर्मशिक्षण हे आमचे काम नाही. पण उधळ्या पुत्राचा दाखला बायबल सोसायटीच्या, रमाबाईंच्या आणि दिब्रिटोंच्या भाषांतरांत शेजारी शेजारी ठेवून दोन तासिका घालवता येतील. बाप धाकट्या मुलाला दुरून पाहतो तेथे क्रियापद कोणते आहे, थोरल्याच्या रागाला कोणता शब्द दिला आहे, बाप थोरल्याला कसे संबोधतो, एवढेच विचारले तरी पुरे. ख्रिस्ती विद्यार्थ्याला आपला ग्रंथ नव्याने दिसेल, इतरांना मराठी गद्याचा एक दुर्लक्षित कोपरा दिसेल. आणि थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे दाखल्यात सांगितलेलेच नाही, ही गोष्ट वर्गातल्या एकाच्या तरी ध्यानात येईल. इतक्यांदा ऐकलेल्या कथेत ते आजवर ध्यानात का आले नाही, हा प्रश्न त्याला तेथेच पडावा.